सार्वजनिक रेडिओ मोबाइलवर: संस्थेचं ॲप घ्यावं की सगळी स्टेशनं देणारं?

मोबाइलवर सार्वजनिक रेडिओ ऐकायचा तर ॲप दोन जातींची मिळतात. एक, प्रसारण संस्थेचं स्वतःचं: आकाशवाणीसाठी न्यूजऑनएअर, अमेरिकेतल्या एनपीआरचं, ऑस्ट्रेलियाच्या एबीसीचं. दुसरी जात ट्यूनइन, रेडिओ गार्डन यांसारखी, म्हणजे जगभरातली स्टेशनं एकाच ठिकाणी. दोन्ही जाती मी भरपूर वापरल्या आहेत.

भटकायची हौस असेल तर दुसऱ्या जातीला तोड नाही. नेदरलँड्समध्ये २०१६ साली सुरू झालेलं रेडिओ गार्डन उघडायचं, पृथ्वीचा गोल बोटाने फिरवायचा आणि एखाद्या हिरव्या ठिपक्यावर थांबायचं. भाषेचं अक्षरही कळत नाही, पण बातम्या चालल्यात की हवामान, हे सुरावरून ओळखू येतं. माझे कित्येक रविवार यात गेले. संस्थेच्या ॲपमध्ये ही मजा नाही. न्यूजऑनएअरवर दोनशेच्या वर वाहिन्या आहेत खऱ्या, पण सगळं घरच्या घरी.

आवाजाचं म्हणाल तर माझ्या कानांना फरक जाणवत नाही. ६४ केबीपीएसला, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट या वेगाला, तासाला २९ एमबीच्या आसपास डेटा जातो आणि बोलण्याच्या कार्यक्रमांना तेवढं पुरतं. प्रसारण उशिरा पोहोचतं तेही दोन्हीकडे. बीबीसीच्या वेळेच्या पिप्स, म्हणजे अचूक वेळ कळवणारे छोटे आवाज, १९२४ पासून वाजतायत, पण फोनवर त्या ऐकून घड्याळ लावायला जाऊ नका.

माझा निकाल लागला तो फोन कॉलवरून. चर्चा रंगात आलेली असते, निवेदकाने नेमका प्रश्न विचारलेला असतो आणि तेवढ्यात कोणाचा तरी फोन येतो. मी वापरत होतो त्या एकत्रित ॲपमध्ये कॉल संपल्यावर कधी नुसतं चक्र फिरत राहायचं, कधी आधी जाहिरात लागायची. जाहिराती नकोत म्हणून जो रेडिओ लावला, त्याच्याच तोंडावर जाहिरात! ती संपून कार्यक्रम परत सुरू होईपर्यंत उत्तर निघून गेलेलं असायचं. मागे जायची सोय नाही. बिचाऱ्या ॲपचा फार दोष नसावा, कारण अशी ॲप बहुतेक वेळा स्टेशनच्या थेट प्रसारणाचा पत्ता तेवढा वाजवतात. आधी काय होऊन गेलं, याची नोंद त्यांच्याकडे नसते.

संस्थेकडे ती असते. प्रसारणाचे काही सेकंदांचे तुकडे करून ते सर्व्हरवर ठेवले जातात आणि कुठला कार्यक्रम कधी सुरू झाला, हेही तिला ठाऊक असतं. त्यामुळे बऱ्या ॲपमध्ये चालू कार्यक्रम मागे नेता येतो, अगदी सुरुवातीपासूनही ऐकता येतो. सगळ्याच संस्था ही सोय देत नाहीत, तेव्हा तुमच्या आवडीची देते का, एवढं आधी बघून घ्या. ज्याला फक्त गाणी लावून कामाला लागायचंय, त्याला कदाचित याचं काहीच वाटणार नाही. मी बोलणं ऐकणारा माणूस, मला वाटतं.

संस्थेच्या ॲपचे नखरे कमी नाहीत. उघडलं की पॉडकास्टचा ढीग समोर, थेट प्रसारणाचं बटण कुठेतरी खाली. कुठे लॉगिनचा आग्रह. आवडतं स्टेशन एकदा फेव्हरिटमध्ये टाकलं की यातला बराच त्रास वाचतो. देशाच्या सीमा मात्र कोणालाच चुकत नाहीत. जुलै २०२५ पासून बीबीसीचं स्वतःचं ॲप, बीबीसी साउंड्स, ब्रिटनबाहेर बंद झालं. तर २०२२ पासून ब्रिटनमधल्या माणसाला रेडिओ गार्डनवर परदेशी स्टेशनं ऐकता येईनाशी झाली. परदेशात राहून मायदेशाचा रेडिओ ऐकणाऱ्यांनी म्हणून दोन्ही जाती जवळ ठेवाव्यात, मग माझं मत काही असो.

रोजच्या ऐकण्यासाठी माझ्या फोनच्या पहिल्या पानावर संस्थेचं ॲप आहे. रेडिओ गार्डन काढून टाकलेलं नाही, ते आतल्या एका फोल्डरमध्ये आहे.

ॲप कुठलंही घ्या, अँड्रॉइड असेल तर सेटिंगमध्ये जाऊन त्याला बॅटरी बचतीतून वगळा. स्क्रीन बंद झाल्यावर थोड्या वेळाने रेडिओ आपोआप थांबतो, त्यात पुष्कळदा ॲपचा हात नसतो. फोनच त्याला झोपवत असतो.