थिंकपॅड एक्स६० वर ओपनबीएसडी: ६० जीबीत पार्टिशन कशी बसवली

२००६ सालचा लॅपटॉप, ३२ बिट कोअर ड्युओ, २ जीबी रॅम आणि फिरणारी ६० जीबीची हार्ड डिस्क. बॅटरी कामातून गेलेली. काही महिने झाले, यावर ओपनबीएसडी ही युनिक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टिम चालवतोय. ईमेल, लिखाण, एसएसएच (दुसऱ्या मशिनवर लांबून लॉगिन) एवढंच काम. वेग जेमतेमच, त्यावर काय लिहायचं? पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या वाटणीवर, मात्र लिहिण्यासारखं आहे.

इन्स्टॉलर तीन पर्याय देतो: ऑटो मांडणी, ऑटोत फेरफार, नाहीतर सगळं हाताने. डिस्क जुनी नि छोटी असेल तर मधला घ्या. ऑटो मांडणीत /यूएसआर/एसआरसी आणि /यूएसआर/ओबीजे हेही निघतात. ते सोर्सवरून सिस्टिम बांधणाऱ्यांसाठी. या प्रोसेसरवर तो उद्योग कोण करणार! दोन्ही उडवले.

त्यातली बरीच जागा /यूएसआरला (सिस्टिमचे प्रोग्रॅम, लायब्ररी) दिली. कर्नल (सिस्टिमचा गाभा) दर बूटला तिथेच नव्याने लिंक होतो, आणि अपग्रेडनंतर जुन्या लायब्ररी तशाच पडून राहतात (सिस्क्लीन नावाचं पॅकेज त्या शोधून देतं). सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते तेव्हा /यूएसआर तंग असलेलं परवडत नाही. माझं अपग्रेड विनातक्रार झालं.

/यूएसआर/लोकल (वरून घातलेली पॅकेजं इथे जातात) सगळ्यात शेवटी ठेवून त्याच्या मागे थोडी डिस्क मुद्दाम कोरी सोडली. ग्रोएफएस पार्टिशन वाढवतं, पण लगत मोकळी जागा असेल तरच. कमी करायची सोयच नाही. देवनागरी मजकूर टाइपसेट करायला झीटेक हवं म्हणून ते ज्यात येतं ते टेक्सलाइव्ह हे भलंमोठं पॅकेज घातलं आणि जागा संपत आली. सिंगल यूजरमध्ये जाऊन डिस्कलेबलमध्ये आकार बदलला, ग्रोएफएस, मग एफएससीके (फाइलसिस्टिम तपासणारा प्रोग्रॅम). चहा होईपर्यंत काम झालं.

लिनक्सवरून येणारे विचारतात, एकच मोठं रूट (सगळं एकाच पार्टिशनमध्ये) का नको? कारण डब्ल्यूएक्सअलाउडची सूट (मेमरीचा एकच भाग लिहिताही येईल आणि चालवताही येईल अशी, सुरक्षेसाठी एरवी नाकारलेली परवानगी) इथे फक्त /यूएसआर/लोकलला मिळते. सगळं एकत्र केलं की ती अख्ख्या सिस्टिमला द्यावी लागते.

स्वॅप (रॅमला जोड म्हणून राखलेली डिस्कवरची जागा) रॅमपेक्षा थोडा जास्तच ठेवा, हायबरनेट करताना रॅममधलं सगळं त्यातच लिहिलं जातं. लोडशेडिंगची वेळ ठाऊक असेल तर त्याचा फार उपयोग होतो. वीज अचानक गेली तर मात्र पंचाईत: या फाइलसिस्टिमला जर्नल (बदलांची आधी केलेली नोंद) नाही, डिस्कवरचे बदल सुरक्षित क्रमाने लिहिणारे सॉफ्ट अपडेट्सही ओपनबीएसडी ७.४ पासून बंद. पुढच्या बूटला एफएससीके सगळं तपासत बसतं, क्वचित हातानेही चालवावं लागतं. म्हणून /होम १५ जीबीवरच थांबवलं. गाणी-फोटो बाहेरच्या डिस्कवर असतात, ती एरवी माउंटच नसते.