जुन्या 697 ची डिझेल गळती आणि तांब्याच्या वायसरचा डबा: घ्यावा, पण तपासून

697 इंजिनाच्या जुन्या टाटा ट्रकवर डिझेल टपकायला लागलं की स्पेअर पार्टच्या दुकानात हमखास पुढे केला जातो तो तांब्याच्या वायसरचा मिश्र डबा. प्लास्टिकचे खण, 8, 10, 12, 14, 16 मिलिमीटर अशी आतल्या भोकाची मापं, झाकणाच्या आत तक्ता. डबा कामाचा आहे. पण तो कुठली गळती थांबवतो आणि कुठली नाही, हे न कळल्यामुळे लोक वायसर बदलत राहतात आणि डिझेल टपकत राहतं.

दुकानात पैसे देण्याआधी एक चाचणी करा. खणातला एक वायसर लोहचुंबकाला लावून बघा. तांबं चिकटत नाही. चिकटला तर तो तांब्याचा मुलामा दिलेला लोखंडी वायसर आहे, तो दाबला जात नाही आणि सीलही होत नाही. असा डबा परत ठेवा. मग वायसर काचेवर ठेवून नखाने एका कडेला दाबा. हलला तर वाकडा आहे. चांगल्या मालाचा वायसर दोन्ही बाजूंनी सपाट असतो आणि आतल्या कडेला कापताना राहिलेली धार बोटाला लागत नाही.

दुसरी अडचण मापांच्या वाटणीची. मिश्र डब्यात सगळ्या मापांचे वायसर थोडे थोडे भरलेले असतात, पण या इंजिनाच्या डिझेल लाइनला खप आहे तो 14 चा. बँजो म्हणजे पाइपच्या टोकाची कडी, आणि तिच्यातून जाणारा पोकळ बोल्ट तो बँजो बोल्ट. त्याला डोक्याखाली एक आणि बँजोच्या मागे एक, असे दर जोडाला दोन वायसर लागतात. फीड पंपाचे (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) दोन जोड, फिल्टरचे दोन, नोझलला डिझेल देणाऱ्या मुख्य पंपाचा इनलेट आणि ओव्हरफ्लो (जादा डिझेल परत जाण्याची वाट) धरले तर एकदा सगळी लाइन करायला बारा वायसर गेले. म्हणून डब्यासोबत 14 बाय 18 आणि 14 बाय 20 चे दीड मिलिमीटर जाडीचे वायसर डझनाने सुटे घ्या. बाहेरचा व्यास बँजोच्या बसण्याच्या जागेएवढा असावा. मोठा घेतला तर कडेला दाब वाया जातो.

आता गळती शोधणं. सगळीकडे ओलं दिसतं म्हणून सगळीकडे पाना चालवू नका. डिझेल वरून खाली उतरतं आणि पंखा ते मागे उडवतो, त्यामुळे सगळ्यात ओली जागा आणि गळतीची जागा क्वचितच एक असते. इंजिन थंड असताना फीड पंपापासून फिल्टर, पंप आणि नोझलपर्यंत चिंधीने पुसून कोरडं करा. जोडांवर टाल्कम पावडर किंवा बारीक खडूची भुकटी टाका, हँड पंपाने दाब द्या, मग गाडी सुरू करून पाच मिनिटं रेस न देता आयडलिंगवर ठेवा. पांढऱ्या भुकटीवर ओलसर करडी रेघ जिथून सुरू होते ती जागा. नोझल पाइपवर मात्र बोट फिरवून गळती शोधू नका. या इंजिनाचं नोझल 200 बारच्या आसपास उघडतं, आणि त्या दाबाची बारीक फवार कातडी भेदून आत जाते. तिथे पुठ्ठा धरा.

टाकीपासून फीड पंपापर्यंतचा भाग वेगळा. तिथे चालू इंजिनावर डिझेल बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. गाडी एअर घेते, सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो, चढाला दम सोडते, आणि रस्त्यावर थेंबही दिसत नाही. ही तक्रार असेल तर टाकीतला पिकअप पाइप, रबरी होज आणि फीड पंपाचा इनलेट जोड आधी बघा.

बँजो गळत असेल तर आणखी आवळणं हा सगळ्यात महागडा उपाय. जुना वायसर हातात घेऊन नखाने चाचपा: दोन्ही बाजूंना बँजोच्या कडेचा गोल चर उमटलेला असतो. तांबं दाबाखाली कडक होतं, म्हणून तोच वायसर पुन्हा बसवला की चर चराला जुळत नाही आणि डिझेलला वाट मिळते. बोल्ट पोकळ असल्याने जास्त जोर लावला तर मान तुटते. नवा वायसर, स्वच्छ जागा आणि 14 च्या बोल्टला साधारण 30 ते 35 न्यूटन मीटर एवढं पुरे. गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तोच पाळा. थ्रेडवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. सील होतं ते तोंडावर, थ्रेडवर नाही, आणि टेपचे तंतू सुटून पुढे पंपात जातात.

आडरानात अडकलात तर जुना वायसर गॅसच्या ज्योतीवर मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका. तांबं मऊ पडतं, काळी पापडीही सुटते. चर उथळ असेल तर काचेवर 400 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून वायसर आठच्या आकारात घासा. डिझेलच्या जागेपासून दूर जाऊन हे करा. वायसर पुन्हा चालतो, पण नवा मिळेपर्यंतच.

काही डब्यांत रबरी ओठ असलेले बाँडेड सीलही असतात. थोडं आवळलं तरी ते छान बसतात, फिल्टरच्या जोडांना चालतात. रबर कोणतं आहे हे मात्र पाकिटावर वाचा. साधं नायट्राइल रबर बरंच टिकतं, पण एफकेएम (फ्लोरिनयुक्त रबर) घेतलेलं बरं. रंगावरून ओळखता येत नाही. एप्रिल 2020 पासून देशभर 10 पीपीएम गंधकाचं बीएस 6 डिझेल आलं. गंधक काढताना डिझेलमधले रबर फुगवणारे काही अ‍ॅरोमॅटिक घटकही कमी होतात, त्यामुळे वर्षानुवर्षं फुगून बसलेलं जुनं नायट्राइल आकसतं. कालपर्यंत कोरडी असलेली जुनी गाडी अचानक ओली होण्यामागे हे एक खरं कारण आहे. त्या गाडीचे रबरी सील एकदाच सगळे बदला.

डब्याने होत नाही अशी कामंही आहेत. नोझलखालचा वायसर डब्यातून काढून बसवू नका. तो ज्वलनाची उष्णता सोसतो आणि त्याच्या जाडीवर नोझलचं टोक सिलिंडरमध्ये किती बाहेर येणार हे ठरतं. तिथे मूळ जाडीचाच हवा. नोझल पाइपला चीर गेली असेल तर वेल्डिंग किंवा ब्रेझिंग टिकत नाही, पाइपच बदलायचा आणि तोही त्याच सिलिंडरचा, त्याच लांबीचा. नट सुमारे 25 न्यूटन मीटर. चीर बहुधा क्लँप निघालेल्या जागेजवळ पडते, म्हणून क्लँप आधी लावा, नाहीतर नवा पाइपही थरथरून तिथेच जाईल. ओव्हरफ्लो बोल्टच्या जागी साधा बँजो बोल्ट घालू नका. मूळ बोल्टमध्ये स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो, तो पंपाच्या आतला दाब धरून ठेवतो. तो गेला की गळती नाही, पण गाडी ओढत नाही.

हँड पंपाच्या दांड्यावरून डिझेल झिरपत असेल तर सील गेलेलं आहे, हँड पंपच बदला, आणि वापरून झाल्यावर मूठ खाली दाबून घट्ट फिरवा. इंजिन ऑइलची डिपस्टिकही बघा. पातळी वाढलेली आणि ऑइल पातळ, डिझेलचा वास येणारं असेल तर बहुधा फीड पंपाची आतली गळती आहे. ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला, पंप दुकानात द्या. मुख्य पंपाच्या डिलिव्हरी व्हॉल्व्हची डोकी (जिथून नोझल पाइप निघतात) घरी सोडू नका. तिथे टॉर्कचा नेम चुकला तर पंप पुन्हा कॅलिब्रेट करावा लागतो.

काम झालं की एअर काढा. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करून हँड पंप मारा, बुडबुडे थांबून अखंड डिझेल आलं की बंद. मग पंपावरचा. तरीही उचलत नसेल तर दोन नोझलचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ द्या आणि डिझेल आलं की आवळा. गाडी एक फेरी गरम होऊन थंड झाली की बँजो बोल्ट एकदा हाताने चाचपा, पुन्हा भुकटी टाका आणि रात्रभर उभी ठेवा. सकाळी भुकटी कोरडी दिसली आणि पहिल्या सेल्फला गाडी उचलली की वायसर बसले.