सुई एकदम पडली होती की हळूहळू?

गाडी १९७१ची एमजीबी, एमजी या ब्रिटिश कंपनीची, उघडी, दोन सीटची. भर दुपारी चढावर इंजिन गपकन बंद पडलं. आधी आचके नाहीत, फटफट नाही. गाडी अजून गिअरमध्ये होती, चाकांबरोबर इंजिनही फिरत होतं, आणि तरी आरपीएमची (इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारी) सुई शून्यावर जाऊन पडलेली. हे मी डोळ्यांनी पाहिलं, पण त्याचा अर्थ मला लागला नाही.

कडेला घेऊन किल्ली फिरवली. मागून पेट्रोल पंपाची टिकटिक आली, चार-पाच ठोके, मग शांत. स्टार्टर छान फिरत होता, इंजिन काही पकडेना.

दहा मिनिटांत एक दुचाकीवाला थांबला. गाडीभोवती फिरला, दोन्ही एसयू कंपनीच्या कार्बोरेटरांकडे (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारे भाग) बघून म्हणाला, "साहेब, असल्या गाड्यांवरच हात बसलाय आपला." मी तिथेच विरघळलो. जुन्या गाडीच्या मालकाला गंडवायचं तर आधी गाडीचं कौतुक करावं, बाकी सगळं तो स्वतःच करतो.

त्याने बॉनेट उघडं टाकलं आणि थेट मागच्या उजव्या चाकाजवळ गाडीखाली शिरला. या गाडीचा पंप तिथे असतो. "आता किल्ली द्या," खालून आवाज आला. दिली. टिकटिक नाही. "ऐकलंत? पंप मेलाय."

थोड्याच वेळापूर्वी तोच पंप मी माझ्या कानांनी ऐकला होता. विचारायला हवं होतं. पण उन्हात उभा होतो, आणि समोरचा माणूस खात्रीने बोलत होता.

त्याच्या डिकीत एक 'कुठल्याही गाडीला चालणारा' पंप होता, योगायोगाने. तो बसवायला पाऊण तास गेला. किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू! त्याने मागितले तेवढे पैसे मी दिले, वर बक्षीस. "जुना भंगारात टाकतो," म्हणत त्याने माझा पंप फडक्यात गुंडाळून नेला. निघण्यापूर्वी गाडीसोबत त्याला फोटो हवा होता. तो मीच काढून दिला.

अर्ध्या तासाने गाडी पुन्हा बंद. तशीच, गपकन.

या वेळी टो करून ओळखीच्या जुन्या मेकॅनिककडे नेली. त्यांनी पान्याला हात लावण्याआधी एकच विचारलं, "सुई एकदम पडली होती की हळूहळू?" एकदम, म्हटलं. "मग पेट्रोलचा काय संबंध?" या गाडीचा आरपीएम मीटर इग्निशनच्या, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या, करंटच्या ठोक्यांवर चालतो. पेट्रोल संपलं तर चाकं इंजिनला फिरवतात तोवर पॉइंट (हा करंट जोडणारी-तोडणारी टोकं) उघडझाप करत राहतात आणि सुई वेगाबरोबर सावकाश उतरते. ती धाडकन शून्यावर आली, म्हणजे करंटचे ठोकेच थांबले, बिघाड इग्निशनमध्ये. ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढून त्यांनी पॉइंटला जोडलेला, बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर बदलला. तापला की आतून शॉर्ट होत होता, थंड झाला की शहाणा. रस्त्यात गाडी सुरू झाली ती त्या पाऊण तासाने आणि उघड्या बॉनेटने. श्रेय आणि पैसे मात्र दुसऱ्यालाच मिळाले.

मग ते गाडीखाली गेले आणि पंपाची पांढरी वायर दाखवली. टोकाच्या क्लिपवर पक्कडीचे ताजे ओरखडे होते. त्या दुचाकीवाल्याने आधी ती उपटली, मग मला 'आवाज येत नाही' ऐकवला.

पैशांचं दुःख मी गिळलं असतं. पण नवा पंप या कार्बोरेटरांना झेपत नव्हता. त्यांना साधारण ३ पीएसआय (दाबाचं एकक) दाब पुरतो. हा त्याहून बराच जास्त ढकलत होता, त्यामुळे कार्बोरेटर भरल्यावर पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई बसेना आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल ठिबकत होतं. या इंजिनात कार्बोरेटर आणि तापलेला एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत. अर्धा तास मी तशी गाडी गाणं गुणगुणत चालवली.

म्हणून लिहितोय. असा कोणी भेटला तर पंपाआधी ठिणगी दाखवायला सांगा. काही तपासायला गाडीखाली जात असेल तर तुम्हीही वाका, कपडे मळू देत. आणि काढलेला पार्ट, कितीही भंगार म्हणाला तरी, तुमच्याच डिकीत पडला पाहिजे. माझा पंप मूळचा एसयूचा होता. बिघडला असता तरी आतले पॉइंट आणि पडदा बदलून पुन्हा उभा राहिला असता. त्याच्या काळ्या टोपणावर मागच्या मालकाने लाल रंगाचा ठिपका दिला होता.

परवा कळलं, तसाच एक पंप विकायला आहे. लगेच फोटो मागवला. टोपण कोरं होतं, ठिपका नव्हता.