इलेक्ट्रिक रंधा: काही महिने वापरल्यानंतर

घरच्या कामासाठी पोर्टेबल प्लेनर शोधायला लागलं की दोन अगदी वेगळी यंत्रं समोर येतात. एक हातात धरून लाकडावरून फिरवायचं आणि दुसरं टेबलावर ठेवून त्यात फळी सारायची, म्हणजे थिकनेसर. मी पहिलं घेतलं: 82 मि.मी. पात्याचा, वायरवाला इलेक्ट्रिक रंधा. दुसऱ्याबद्दल पुढे लिहितो, कारण बऱ्याच जणांना खरं तर तेच हवं असतं.

इतके महिने वापरून मत एकच झालंय. हे जादा लाकूड तासून काढायचं यंत्र आहे, फिनिशिंगचं नाही. पावसाळ्यात फुगलेल्या दाराची कड, आरामशीनवरून आलेल्या फळीवरचे करवतीचे वळ, चौकटीत बसायला नकार देणारी पट्टी, असल्या कामांत याला तोड नाही. पण टेबलाचा टॉप याने रंधून थेट पॉलिश मारू म्हणाल, तर निराशा होईल.

त्याचं कारण यंत्राच्या रचनेतच आहे. पाती गोल फिरणाऱ्या ड्रमवर बसलेली असतात, त्यामुळे प्रत्येक घाव सपाट न पडता उथळ खोबणीसारखा पडतो. ड्रमचे मिनिटाला 16,000 फेरे आणि दोन पाती धरली तर मिनिटाला 32,000 घाव झाले. मिनिटाला चार मीटर या चालीने ढकललं तर दोन घावांत 0.125 मि.मी. अंतर पडतं, ते डोळ्याला कळत नाही. घाईने दहा मीटरच्या चालीने नेलं की हेच अंतर 0.3 मि.मी.च्या वर जातं. मग पॉलिशचा पहिला हात बसला की लाटा दिसण्याची शक्यता वाढते. आणि हा हिशेब दोन्ही पाती एका उंचीवर असतील तरच खरा. एक पातं केसभर वर असलं तर पृष्ठभागावर खूण त्या एकाचीच राहते, म्हणजे अंतर दुप्पट.

म्हणून वॅटचे आकडे वाचण्याआधी पाती बसवणं शिका. प्लग काढायचा, रंधा उलटा ठेवायचा आणि एक सरळ स्टीलची पट्टी मागच्या प्लेटवर (तळाचा ड्रममागचा भाग) अशी ठेवायची की तिचं टोक ड्रमवर येईल. ड्रम हळूच हाताने फिरवायचा, बोटं धारेपासून लांब ठेवून. पात्याची धार सर्वांत वरच्या बिंदूवर आली की तिने पट्टीला नुसतं घासून जायला हवं, उचलता कामा नये. हीच तपासणी दोन्ही पात्यांच्या दोन्ही टोकांना करायची. धार मागच्या प्लेटपेक्षा वर राहिली तर फळीच्या शेवटी खड्डा पडतो, आणि खाली राहिली तर रंधा लाकडावर चढत जाऊन कापणंच सोडतो. खोली ठरवणारी मूठ फक्त पुढची प्लेट वरखाली करते. मागच्या प्लेटचं आणि पात्याचं नातं आपणच जुळवायचं असतं.

त्या मुठीवरच्या आकड्यांवर माझा फारसा विश्वास नाही. टाकाऊ तुकड्यावर एक हात मारून व्हर्नियर कॅलिपरने जाडी मोजतो आणि मगच कामाला लागतो. खोक्यावर 2 मि.मी. लिहिलंय म्हणून कठीण लाकडात तेवढं घेऊ नये. अर्ध्या मिलिमीटरचे चार हात मोटारीलाही बरे आणि लाकडालाही. सुरुवातीला भार पुढच्या मुठीवर, शेवटाकडे मागच्या मुठीवर, एवढं हातात बसलं की टोकाचे खड्डे बरेच कमी होतात.

दाराची वरची किंवा खालची कड घेताना मात्र सांभाळा. तिथे उभ्या पट्ट्यांचा आडवा छेद लागतो. रंधा सरळ बाहेर काढला की कोपऱ्याची चिरफळी उडालीच म्हणून समजा. दोन्ही टोकांकडून आत यायचं. गाठीपाशी किंवा लाकडाच्या उलट्या रेषेवर खोली अगदी कमी ठेवायची, तरी थोडं उचकटतंच. तिथे शेवटी हातरंधाच घ्यावा लागतो.

माझ्याकडची पाती कार्बाइड या फार कठीण पदार्थाची, दोन्ही बाजूंनी धार असलेली आहेत. एक बाजू बोथट झाली की फिरवायची, दुसरीही गेली की फेकायची. हायस्पीड स्टीलच्या पात्यांना पुन्हा धार लावता येते, पण ती लवकर उतरते. सागात सिलिका असल्यामुळे तर जास्तच. जुन्या लाकडावरून आधी चुंबक फिरवा. एका खिळ्याने कार्बाइडचा टवका उडतो आणि मग रंधा फिरवाल तेव्हा दरवेळी लाकडावर एक बारीक उंच रेघ राहते.

यंत्राबरोबर आलेली पिशवी जवळजवळ शोभेची आहे. क्षणात भरते, आणि व्हॅक्यूमची नळी अरुंद असली की छिलके तिच्या तोंडाशीच अडकतात. मी छिलके मोकळे उडू देतो आणि नंतर झाडतो, पण मास्क लावूनच. लाकडाची धूळ कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात मोडते. कानाला संरक्षण हवंच, आवाज कर्कश असतो. बटण सोडल्यावरही ड्रम काही वेळ फिरत राहतो, त्यामुळे मागचा छोटा आधारपाय असलेलंच मॉडेल बघा. नसेल तर ड्रम थांबेपर्यंत रंधा हातात धरून उभं राहायचं.

आता थिकनेसर. फळ्या एकसारख्या जाडीच्या करायच्या असतील तर हातातल्या रंध्याने जीव काढू नका, याची लांबी अपुरी पडते आणि तो मोठ्या खोलगट भागात उतरून चालतो. पण थिकनेसर वाकडी फळी सरळ करतो हा गैरसमज आहे. त्याचे रोलर फळी दाबून धरतात, बाहेर आली की ती पुन्हा वाकते. तो फक्त वरची बाजू खालच्या बाजूला समांतर करतो, म्हणजे एक बाजू आधी सपाट हवी. ती मी अशी काढतो: पीळ बघून उंच कोपऱ्यांवर पेन्सिलने रेघा मारायच्या, इलेक्ट्रिक रंधा तेवढ्यावरच तिरका चालवायचा, आणि शेवट लांब हातरंध्याने.

घेताना दुकानात दोन गोष्टी विचारा: बाजूच्या कव्हरखालचा, ड्रम फिरवणारा पट्टा सुटा मिळतो का, आणि पाती प्रचलित मापाची आहेत का. कार्बाइडसाठी 82 × 5.5 × 1.1 मि.मी. हे माप सहज सापडतं. बॅटरीवालं मॉडेल शिडीवर चढून दार घासायला सोयीचं, पण लांब फळ्या रंधायच्या असतील तर वायरवालंच घ्या.