चुंबक की करंट?
दादरच्या तबल्याच्या क्लासात ‘तिरकिट’ बोटांत बसायला मला दोन महिने लागले. तेव्हा मेंदूत काय बदललं, हे कवटी न उघडता तपासायचे दोन मार्ग. टीएमएस, म्हणजे चुंबकीय झटक्याने मेंदूच्या पेशी चेतवणं, १९८५ साली शेफील्डमध्ये अँथनी बार्करने दाखवलं. डोक्यावरची कॉइल ‘टक्’ करते आणि अंगठा आपसूक उडतो! स्नायूवरच्या इलेक्ट्रोडने तो झटका मोजायचा, सरावाआधी आणि नंतर.

टीडीसीएस, म्हणजे डोक्यातून हलका करंट सोडणं, स्वस्त. खारट पाण्यात भिजवलेले स्पंज, १-२ मिलिअँपिअर करंट, थोडी खाज (पाणी मानेवर ओघळतं ते वेगळंच). त्याने पेशी थेट पेटत नाहीत, पेटायला सोप्या किंवा अवघड होतात. २००९ च्या एका प्रयोगात ५ दिवसांच्या सरावाला त्याची जोड दिल्यावर कौशल्य जास्त वाढलं. पण परिणाम माणसागणिक बदलतो. नेमकं मोजायचंय? माझं मत कॉइललाच.