मां दंतेश्वरी दवाखाना, शोधग्राम : इथं देवीलाही जागा आहे

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात आशा, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, म्हणून काम करते. आमच्याकडे आजारी लेकरू आणि दवाखाना यांच्यामध्ये नुसते नदीनाले नसतात, पुजारीही असतो. म्हणून या दवाखान्याबद्दल लिहायचं फार दिवस मनात होतं.

श्रावणात गावातल्या चार वर्षांच्या एका पोराला ताप भरला. मला कळलं तोवर झाडफूक होऊन गेली होती आणि पूजा पुरी होईपर्यंत पोराला शिवेबाहेर नेऊ नका, असं पुजाऱ्यानं बजावलं होतं. मी बोटाला टोचून रक्त मलेरिया तपासायच्या पट्टीवर घेतलं. फॅल्सिपेरम, म्हणजे जिवावर बेतणारा मलेरिया, निघाला. गोळी दिली, ती उलटीत पडली. पोरगं आईच्या मांडीवर मान टाकून पडलेलं, हाक मारली की डोळे उघडायचं आणि लगेच मिटायचं. हा ताप मेंदूत चढायला वेळ लागत नाही.

बाप म्हणाला, "ताई, देव कोपला तं गोळीनं काय होते?" सरकारी दवाखान्याचं नाव काढताच आईनं मान फिरवली. मी म्हटलं, मग देवीच्याच दवाखान्यात जाऊ. आजी दंतेश्वरीच्या जत्रेला शोधग्रामला जाऊन आली होती. तिनंच पोराला उचललं आणि म्हणाली, "चला."

दवाखाना गडचिरोली-धानोरा रस्त्यावर चातगावजवळ आहे. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी 1986 मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली, शोधग्राम हा तिचाच परिसर, आणि पुढे दवाखाना कसा हवा हे आदिवासींनाच विचारलं. लोकांनी मनातलं सांगितलं: मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना बाहेर काढतात, डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात आणि पांढरं कापड आम्ही मेलेल्या माणसावर घालतो. म्हणून इथं गावासारख्या झोपड्या आहेत, घरचं माणूस रोग्याजवळ राहतं आणि नाव देवीचं आहे.

सलाईन लावायला आलेल्या सिस्टरला पोराच्या उजव्या मनगटावर पुजाऱ्याचा काळा दोरा दिसला. तिनं तो कापला नाही. डावा हात घेतला, शीर शोधली आणि सुई लावली. तोवर पोराचा उजवा हात घट्ट धरून बसलेली आई जरा सैलावली. डॉक्टरांनी पुजाऱ्यानं कोणती मुळी दिली, किती दिली, कधी दिली हे शांतपणे विचारून केसपेपरवर लिहून घेतलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. रागावलं की लोक पुढच्या वेळी मुळी दिल्याचं लपवतात आणि ते लेकराच्याच जिवावर येतं. पोरगं बरं होऊन घरी आलं. राहिलेली पूजा घरच्यांनी नंतर केली, मीही गेले होते.

आता माझं मत, कुणाला कडक वाटलं तरी. श्रद्धा आईबापाची असते, ताप लेकराच्या अंगात असतो. चार वर्षांच्या पोरानं कोणताही देव निवडलेला नसतो. संविधानाच्या अनुच्छेद 25 मध्ये धर्मस्वातंत्र्य दिलंय तेही सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. मुलाची हेळसांड केली तर 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 75 आहे. हे कायदे हवेतच. पण रात्री अंगणात बसलेल्या बापाला मी कलम वाचून दाखवलं असतं तर त्यानं दार लावून घेतलं असतं. सप्टेंबर 2024 मध्ये अहेरी तालुक्यात तापानं दोन सख्खे भाऊ गेले. त्यांना आधी पुजाऱ्याकडे नेलं होतं, आणि नंतर त्यांचे देह आईबापांनी खांद्यावरून घरी आणले. त्या आईबापांना फक्त दोष देऊन मोकळं होणं मला जमत नाही. पूजा करा, नवस बोला, पण पट्टीवर दुसरी रेघ दिसली, म्हणजे मलेरिया निघाला, की पूजेसाठी थांबायचं नाही. एवढ्या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही.

अडचण अंतराची आहे. भामरागड, एटापल्लीकडच्या लोकांना चातगाव फार लांब पडतं. आईला आणि आजीला लेकराजवळ राहू देणं, आधीचा उपचार न रागावता विचारणं, अंगावरच्या दोऱ्याला हात न लावणं, याला काही मोठा पैसा लागत नाही. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात हे व्हायला हवं.

जाणार असाल तर घरात ज्यांचा शब्द चालतो त्या आजी-आजोबांना सोबत घ्या. ताप असेल तर निघण्याआधी आशाकडून रक्त तपासून घ्या, कोणती गोळी किती वाजता दिली आणि उलटी कधी झाली ते चिठ्ठीवर लिहा. रस्त्यात पोरगं जास्त सुस्त पडलं किंवा झटके आले, तर चातगावचा हट्ट सोडा आणि जो दवाखाना जवळ असेल तिथंच आत शिरा.