मुलांच्या भुलेची औषधं: पट्टीवरचं पेन, रंगीत लेबल की तयार सिरिंज?

सोलापुरात नवी छोटी ओटी (ऑपरेशन थिएटर) उघडणारे विचारतात, मुलांच्या केसेससाठी औषधांचा ट्रे कसा मांडायचा? इथला भूलतज्ज्ञ दिवसभर एका दवाखान्यातून दुसऱ्यात पळतो, ट्रे मात्र तुमचाच असतो. म्हणून हे तुम्हीच ठरवायचं.

जुनी रीत म्हणजे ज्याने त्याने आपापल्या हिशेबाने औषध डायल्यूट (पातळ) करायचं आणि सिरिंजवरच्या मायक्रोपोरवर, म्हणजे कागदी चिकटपट्टीवर, बॉलपेनने नाव टाकायचं. खर्च काहीच नाही. पण हर्नियाचं १० किलोचं पोर घ्या. नाडी मंदावू नये म्हणून अ‍ॅट्रोपिन किलोला ०.०२ मिग्रॅ, म्हणजे ०.२ मिग्रॅ. अँप्युलमध्ये (काचेच्या कुपीत) एका मिलीत ०.६ असतं, घाईत अख्खा मिली गेला की तिप्पट. शिवाय फेंटानिल हे जोरदार वेदनाशामक मी एका मिलीत १० मायक्रोग्रॅम करतो, दुसरे डॉक्टर ५ करतात, आणि पट्टीवर दोघांचंही नुसतं ‘फेंटा’! मे महिन्यात घामाने शाई पुसते ते वेगळंच.

छापील लेबलांचे रंग आयएसओ २६८२५ या मानकात ठरलेले आहेत: स्नायू शिथिल करणारी लाल, ओपिऑइड (फेंटानिलसारखी वेदनाशामकं) निळी, अ‍ॅट्रोपिनचा गट हिरवा. सोबत भिंतीवर एकच तक्ता लावा, डायल्यूशन सगळ्यांना तेच. अ‍ॅट्रोपिन एका अँप्युलचं ६ मिली केलं की मिलीला ०.१ मिग्रॅ, आपल्या पोराला २ मिली. सिस्टरलाही तोंडपाठ होतं. उणीव एकच, रंग गट सांगतो, नाव नाही. त्याच गटातलं ग्लायकोपायरोलेटही हिरवंच, त्यामुळे वाचणं सुटत नाही.

तयार भरलेल्या सिरिंजमध्ये भरतानाची चूक टळते. पण त्या महाग, आणि माप मोठ्या माणसाचं असेल तर बाळासाठी जास्तीचं औषध हातात राहतंच.

मी रंगीत लेबलंच घ्या म्हणेन, पण दोन गोष्टी सांभाळून. वजन काट्यावरच करा. अक्कलकोटची एक आजी ‘पंधरा असंल की’ म्हणाली, काट्यावर ११ भरलं. आणि डोस मिग्रॅ, मिली दोन्ही मोठ्याने बोला. शिरेतल्या पॅरासिटामॉलमध्ये मिलीला १० मिग्रॅ असतं; १० किलोला १५० मिग्रॅ, म्हणजे १५ मिली. नुसतं ‘दीडशे’ म्हटलं की ते मिली समजून १०० मिलीची बाटली तशीच लटकते. सिरिंजमध्ये काढून द्या.

आणि कुठलीही पद्धत घेतलीत तरी ओटी सोडण्याआधी कॅन्युला (शिरेतली नळी) सलाइनने फ्लश करा, म्हणजे धुऊन घ्या. आत अडकलेलं स्कोलिन (स्नायू शिथिल करणारं औषध) वॉर्डात अँटिबायोटिक देताना पुढे ढकललं जातं, पोराचा श्वास थांबतो, आणि तिथे हाताने श्वास देणारी अँब्यू बॅग कपाटात कुलुपात असते.